दुसऱ्या गिअरमधली मदतफेरी

मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चालवतो. तिसरा, चौथा, पाचवा हेही गिअर माझ्या गाडीला आहेत, पण त्यांची आणि माझी ओळख लांबून मान हलवण्यापुरतीच. तिसरा टाकला की गाडी मला न विचारता पळायला लागते, आणि मला न विचारता कुणी काही केलेलं मला चालत नाही. घरात सगळेच मला न विचारता सगळं करतात, ही गोष्ट वेगळी. म्हणून तर निदान गाडीनं ऐकावं एवढीच माझी अपेक्षा.

धाराशिवात यावरून माझी भरपूर चेष्टा होते. पण सगळ्यांत खोल घाव घातला तो माझे साडू बब्रुवानराव यांनी. साडू हे नातंच तसं आहे. देवानं माणसाला शत्रू दिले, पण ते लांब राहतात म्हणून बायकोच्या बहिणीला नवरा दिला. बब्रुवानरावांची शेती परांडा तालुक्यात सीना नदीच्या काठी, सावरखेडच्या वस्तीवर. आमच्या वास्तुशांतीला ते आले, माझी नवी गाडी पाहिली, तिच्यातून एक चक्कर मारली आणि भर पंगतीत म्हणाले, "पाव्हणं, गाडी झ्याक हाय. पर तुमच्या गाडीच्या म्होरं माझी बैलजोडी जाईल. लावा पैज!"

पंगत हसली. जिलबी वाढणारा हसला. माझी बायको दीपमाला हसली, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. त्यानंतर बब्रुवानरावांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काय म्हनतोय दुसरा गिअर?"

आता असा माणूस कार क्लबचा सचिव कसा, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर सोपं आहे. क्लबातल्या बाकीच्यांना गाडी चालवायची हौस आहे, सभेचं इतिवृत्त लिहायची कुणालाच नाही. आमच्या क्लबचं कार्य म्हणजे रविवारी गाड्या धुवायच्या आणि रांगेनं येडशीला भजी खायला जायचं. अध्यक्ष विरुपाक्षशेठ. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि गाडी इतकी उंच आहे की तिच्यात बसताना घोड्यावर चढल्यासारखी टांग टाकावी लागते. दोन वर्षं झाली तरी सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलेलं नाही. दुसरे महत्त्वाचे सभासद प्रसेनजित, जिल्हा परिषदेत बांधकामाला इंजिनिअर. गाडीचं बॉनेट उघडून आत बघितल्यावर ज्याला काहीतरी कळतं असा क्लबातला हा एकमेव माणूस.

दसऱ्याच्या तोंडावर सीनेला पूर आला. नदीकाठची शिवारं पाण्याखाली गेली, टीव्हीवर दिवसभर तीच दृश्यं. विरुपाक्षशेठनी तातडीची सभा बोलावली आणि टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "क्लबची मदतफेरी निघालीच पाहिजे! बॅनरसकट!"

लोकांना आवाहन केलं आणि माझ्या पोर्चमध्ये मदत यायला लागली. मदत म्हणजे साड्या. आमच्याकडं प्रत्येक घरात कपाटाचा एक कप्पा आहेराचा असतो. लग्नात, वास्तुशांतीत, डोहाळजेवणात आलेल्या साड्या, टॉवेल, टोप्या, ब्लाउजपीस त्यात जातात आणि पुढच्या लग्नाला बाहेर पडतात. ती साडी कुणी नेसत नाही. ती फक्त प्रवास करते. ज्यानं दिली त्यालाच परत जाऊ नये म्हणून बायका घडीत देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी ठेवतात. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक चालू आहे. पण मदतीला द्यायच्या साडीत चिठ्ठी कशी ठेवायची? ते बरं दिसत नाही. म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांनी चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि कप्पे रिकामे केले. दीपमालानंही केला. पोर्चमध्ये छातीएवढा ढीग झाला आणि माझी गाडी रस्त्यावर आली.

ढीग बघायला शेजारचे गुरुसिद्धप्पा सर आले. हे निवृत्त मुख्याध्यापक, मूळचे उमरग्याकडचे, आणि सल्ला दिल्याशिवाय त्यांचा चहा पचत नाही. "माझं ऐका," ते म्हणाले, "गाडीत जाड नाडा ठेवा."

"सर, आम्ही मदतीला चाललोय, विहिरीवर नाही."

"नाडा ठेवा हो. पुराचं गाव आहे. ठेवल्यानं काय बिघडतं?" एवढं बोलून ते घरी गेले आणि पिळाच्या दोरखंडाचा एक नाडा घेऊन आले, तो इतका जाड की माझ्या डिकीत स्टेपनीनं अंग चोरलं. मी मनात चरफडलो, पण मुख्याध्यापकाला नाही म्हणायला माणसाला आधी स्वतःची शाळा विसरावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बब्रुवानरावांचा फोन आला. मी मोठ्या रुबाबात सांगितलं, "काळजी करू नका. साड्या घेऊन येतोय."

"साड्या नगा आनू, पाव्हणं," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला. "साड्या लई आल्या. शाळेत छतापातूर ढीग लागलाय. मानसांचं भागलंय. जनावरांला साडी खाता येत न्हाय."

"मग काय आणू?"

"कडबा. आमच्या गंजीच वाहून गेल्या. चाऱ्याचा ट्रक परांड्यात हुबा हाय, पर पुलावरनं जड गाडी सोडंनात. उद्या दुपारच्याला व्यापारी येनार. जनावरं पुलावरनं हाकत न्यायची आन पल्याड ट्रकात भरायची, असं ठरलंय. आक्की वस्ती इकाया लागलीय. माझी जोडीबी." मग म्हणाले, "आई दोन दिस जेवली न्हाय. बैल उपाशी आन म्या कशी खाऊ, म्हनती."

फोन ठेवला. मी तिथंच बसून राहिलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्या गिअरची चौकशी केली नव्हती, आणि खरं सांगतो, मला ते अजिबात आवडलं नाही. ज्या बैलजोडीवरून माझी भर पंगतीत अब्रू गेली, ती जोडी अशी विकली जाणं मला मंजूर नव्हतं. ती पैज अजून लागायची होती.

क्लबची तातडीची सभा पुन्हा भरली. ट्रक जात नाही, पण कार जातात. क्लबाकडं कारशिवाय दुसरं आहे काय? प्रसेनजित एका वाक्यात म्हणाले, "कारमधून चारा नेऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विरुपाक्षशेठनीही वाजवल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की 'कार' या शब्दात त्यांचीही येते.

"पण परवानगी लागेल," ते घाईघाईनं म्हणाले. "परवानगीशिवाय अधिकारी नाहीत, अधिकाऱ्याशिवाय हिरवा झेंडा नाही, आणि झेंड्याशिवाय फेरी कसली?"

झालं, आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी तक्ता काढला. धान्य, ब्लँकेट, भांडी, कपडे. "यात कडबा नाही," ते म्हणाले. "इथं माणसांची मदत. जनावरांची मागच्या इमारतीत." मागच्या इमारतीतले साहेब कडब्याला अनुकूल होते, पण कारला नव्हते. "चारा ट्रकमधून जातो. कारमधून जातात ते प्रवासी. प्रवाशांचं आमच्याकडं नाही." आम्ही पुन्हा पुढच्या इमारतीत. तिथल्या साहेबांचं एव्हाना जेवण झालं होतं आणि ते मायेत आले होते. "तुमचा क्लब एरवी काय करतो?"

"येडशीला भजी खायला जातो," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मग ही तुमची सहलच समजा की! सहलीला परवानगी कुठं लागते? जावा."

अशा रीतीनं धाराशिव कार क्लबची पूरग्रस्त मदतफेरी शासकीय दृष्टीनं सहल झाली. विरुपाक्षशेठचा चेहरा पडला, कारण सहलीला झेंडा दाखवायला कोण येणार?

कडबा मिळाला तो गुरुसिद्धप्पा सरांच्या जावयाकडून, तामलवाडीहून. दुपारी टेम्पो आला आणि आम्ही सगळे सुशिक्षित लोक कडब्याकडं बघत उभे राहिलो. कडब्याची पेंढी माणसाहून उंच असते हे आम्हाला माहीत होतं, म्हणजे लहानपणी माहीत होतं. पहिली पेंढी गाडीत घातली तर एक टोक स्टिअरिंगवर आणि दुसरं डिकीबाहेर. तिरकी घातली तर ड्रायव्हरला जागा नाही. प्रसेनजितनी खिशातून टेप काढून गाडी मोजली, पेंढी मोजली आणि टेप पुन्हा खिशात ठेवला.

"माझं ऐका," कंपाउंडवरून आवाज आला. "कुट्टी करा."

मागच्या गल्लीतल्या गोठ्यातलं कुट्टीचं यंत्र संध्याकाळपर्यंत गरगरत राहिलं. कडब्याचे बारीक तुकडे झाले आणि अंगणात डोंगर उभा राहिला. आता हा डोंगर भरायचा कशात? गावातली यच्चयावत पोती धान्याच्या मदतीत गेलेली. आम्ही पुन्हा सुशिक्षितासारखे बघत उभे. तेव्हा दीपमालानं पदर खोचला आणि पोर्चमधल्या ढिगाकडं बोट दाखवलं.

"अहो, एवढ्या साड्या आहेत ना! बांधा गाठोडी."

गल्लीतल्या बायका धावल्या. ज्या साड्यांची आयुष्यात कधी घडी मोडली नव्हती त्या अंगणात पसरल्या गेल्या. मोरपिशी साडीत कुट्टी, अबोलीत कुट्टी, टॉवेलांचे दोरखंड. एक पोपटी साडी निघाली, वांगी काठांची. तो रंग असा होता की अंधार पडला तरी ती तेवढी दिसत होती. "ही कुणी दिली होती हो आपल्याला?" दीपमालानं विचारलं. मला कुठून आठवणार? तिच्यात सगळ्यांत मोठं गाठोडं बांधलं आणि माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं.

सकाळी बॅनर लावून सगळ्या गाड्या चौकात उभ्या. विरुपाक्षशेठनी कुठून तरी एक पाहुणे मिळवले होते आणि ते 'पाच मिनिटांत' पोचणार होते. पाच मिनिटं होऊन गेली. ती आणखी कितीदा तरी होऊन गेली. शेठ नारळ हातात घेऊन रस्त्याकडं बघतायत, फोटोग्राफर कॅमेरा पुसतोय. दीपमाला माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली.

"दुपारी व्यापारी येतोय," ती म्हणाली. "ताईच्या सासूबाईंनी, मामींनी, सकाळपासून बैलांचा कासरा सोडलेला नाही म्हणं. ताई फोनवर रडत होती. चला."

"पण झेंडा..."

"अहो, चला म्हणते ना!"

मी निघालो. मी निघालोय हे बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण माझी उभी गाडी आणि चालती गाडी यांत लांबून फरक दिसत नाही. वळणावर प्रसेनजितनी पाहिलं आणि गाडी सुरू केली. त्यांच्यामागं तिसरी निघाली, मग सगळीच. शेवटी विरुपाक्षशेठनी नारळ स्वतःच्याच टायरवर फोडला आणि टांग टाकून वर चढले. सगळ्यांनी मला येडशीच्या आतच ओलांडलं, हे वेगळं सांगायला नको.

कुट्टीबरोबर प्रवास करणं हा एक अनुभव आहे. ती नाकात जाते, कॉलरमध्ये जाते, एसी लावला तर सगळीकडंच जाते. बार्शीत मी पोचलो तेव्हा क्लब चहाला थांबलेला आणि गाड्यांना मोकाट जनावरांनी वेढा घातलेला. एका खोंडानं विरुपाक्षशेठच्या गाडीच्या उघड्या खिडकीतून मुंडकं आत घातलं होतं आणि तो अबोली गाठोड्याचं उद्‌घाटन करत होता. शेठ शेजारी उभं राहून त्याला "अहो, सोडा, सोडा!" म्हणत होते. बैलाला अहो-जाहो करणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुलावर हवालदारानं हात केला. आत वाकून बघितलं. साड्यांची गाठोडी, केसांत कुट्टी, शिंकणारी बायको.

"कुटं निगालात?"

"सहलीला," मी म्हणालो. शासनाशी खोटं बोलायचं नाही हा माझा नियम आहे.

त्यानं माझ्याकडं टक लावून पाहिलं. मग साडीच्या गाठीतून बाहेर आलेलं कडब्याचं टोक चिमटीत धरलं, आणि त्याचा चेहरा बदलला. "जावा. सावकाश जावा," तो म्हणाला. सावकाश जा असं मला सांगणारा तो आजवरचा एकमेव माणूस.

पुलाच्या अलीकडं व्यापाऱ्याचा ट्रक मागचा फळका उघडून उभा होता. आत कुणी नव्हतं. म्हणजे व्यापारी पुढं गेला होता.

डांबरी रस्ता संपला आणि वस्तीचा रस्ता सुरू झाला. रस्ता म्हणजे काळ्या रानाचा चिखल. विरुपाक्षशेठनी गाडीची उंची आणि स्वतःची छाती यांचा अंदाज घेतला, जोरात मुसंडी मारली आणि जरा पुढं जाऊन दारापर्यंत रुतले. त्यांच्यामागच्या दोन गाड्यांनी तसाच जोर केला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाड्या बसल्या. प्रसेनजित खाली उतरून पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळत होते, तेवढ्यात मागून मी आलो.

मला थांबायचं होतं. पण चिखल बघून घाबरल्यामुळं पाय ब्रेककडं जाईना.

"थांबू नका!" प्रसेनजित ओरडले. "ब्रेक नको, रेस नको! दुसरा ठेवा! दुसराच!"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला ओरडून दुसरा ठेवा म्हणत होतं. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. गाडी डुलली, घसरली, पण आहे त्या चालीनं पुढं सरकत राहिली. मी एका रुतलेल्या गाडीला ओलांडलं. दुसरीला ओलांडलं. आणि मग, मंडळी, मी विरुपाक्षशेठच्या त्या उंच काळ्या गाडीला ओलांडलं! शेठनी काच खाली केली. त्यांनी मला नमस्कार केला. मी हॉर्न वाजवला. गरज नव्हती, पण वाजवला.

"माझ्या चाकोरीतून या!" मी खिडकीतून ओरडलो. "दुसऱ्यात! सगळे दुसऱ्यात!" प्रसेनजित आणि उरलेल्या गाड्या माझ्या चाकोरीतून, माझ्या चालीनं, मागं मागं यायला लागल्या. क्लबच्या इतिहासात प्रथमच मी पुढं होतो.

वस्तीवर जनावरांची रांग लागलेली होती. व्यापाऱ्याची माणसं दावी सोडत होती. टोकाला लिंबाखाली बब्रुवानरावांचे दोन पांढरे बैल, बरगड्या मोजाव्यात असे, आणि त्यांच्या मधे चिखलात मथुराबाई बसलेल्या. बब्रुवानरावांच्या आई. दोन्ही कासरे त्यांनी मनगटाला गुंडाळून घेतले होते आणि व्यापाऱ्याचा माणूस त्यांना समजावून थकला होता. बब्रुवानराव बाजूला पाठ करून उभे. त्यांना ते बघवत नव्हतं.

मी गाडी थेट बैलांपुढं नेऊन उभी केली. दीपमालानं दार उघडलं, पोपटी गाठोडं खाली ओढलं, गाठ सोडली. बैलांनी क्षणभर हुंगलं. आणि मग जो आवाज सुरू झाला, त्या दोन उपाशी जनावरांच्या चघळण्याचा, तो ऐकता ऐकता मी रुमालानं डोळे पुसले. तुम्ही कुट्टी म्हणा. मीही सगळ्यांना कुट्टीच सांगितलं.

बब्रुवानराव वळले. बैलांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, चिखलानं माखलेल्या गाडीकडं बघितलं. "पाव्हणं," ते म्हणाले, "तुमी? ह्या चिखलातनं?"

"दुसऱ्या गिअरमध्ये," मी म्हणालो.

मागून एकेक गाडी येत होती, रंगीबेरंगी गाठोडी उतरत होती, दावी पुन्हा खुंट्यांना बांधली जात होती. व्यापारी म्हणाला, "आरं, दोन दिसाचा चारा ह्यो. म्होरं काय करनार?"

"पूल मोकळा होईपर्यंत आम्ही रोज येऊ," मी म्हणून गेलो. क्लबला न विचारता. प्रसेनजितनी लगेच मान डोलावली. व्यापाऱ्यानं भाव वाढवून पाहिला, पण बब्रुवानरावांनी हात जोडले. "माफी करा. इकायचं न्हाय आता." व्यापारी रिकाम्या हातानं पुलाकडं चालता झाला.

विजयाच्या या शिखरावर मी छाती काढून उभा असताना मथुराबाई गाठोड्याच्या साडीकडं निरखून बघायला लागल्या. काठ हातात धरला. उलटा करून पाहिला.

"दीपमाला," त्या म्हणाल्या, "ही तर म्या तुझ्या वास्तूला दिल्याली साडी. तुळजापुरातनं आनली व्हती."

दीपमाला पांढरी पडली. ताईनं आभाळाकडं बघितलं. मी गाडीचं टायर तपासायला लागलो. मागं प्रसेनजितही थांबले. 

मथुराबाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग पोट धरून. "नेसली असतीस तर इरून गेली असती. माझ्या बैलांला कुनी आनलं असतं मग? ठिवलीस ते ब्येस केलंस बाई!" मग त्यांनी डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली, "सोनाली, भाकरी टाक ग. सगळ्यांला टाक. मलाबी भूक लागली."

भाकरी-पिठलं झाल्यावर, बैल खाऊन-पिऊन तरतरीत झाल्यावर, विरुपाक्षशेठना काढायचं ठरलं. गुरुसिद्धप्पा सरांचा नाडा माझ्या डिकीतून निघाला. एक टोक शेठच्या गाडीला, दुसरं बैलांच्या जुवाला. बब्रुवानरावांनी उजव्या बैलाला नुसतं "हौश्या!" म्हटलं आणि ती उंच गाडी चिखलातून मुळ्यासारखी उपटून आली. मागच्या दोन्ही गाड्याही तशाच निघाल्या. शेठ खाली उतरले, त्यांनी बैलांना हार घातला. हार पाहुण्यांसाठी आणलेला होता. मग गाडीत जाऊन त्यांनी सीटवरचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडून काढलं.

निघताना मथुराबाईंनी दीपमालाला थांबवलं. लेक-सून रिकाम्या ओटीनं जात नाही, मग घरात पूर येवो की आणखी काही. पण घरात होतं काय? त्यांनी ती पोपटी साडी घेतली, झटकून झटकून तिची कुट्टी काढली, घडी घातली, हळदीकुंकू लावलं आणि दीपमालाच्या ओटीत घातली. "आता मातूर नेस," त्या म्हणाल्या.

"नेसते, मामी," दीपमाला म्हणाली आणि तिथंच ताईच्या घरात जाऊन ती साडी नेसून आली. तो पोपटी रंग, ते वांगी काठ, कुठंकुठं चिकटलेली कुट्टी. लग्नानंतर इतकी सुंदर मला ती कधी दिसली नव्हती. हे मी तिला सांगितलंही, गाडीत बसल्यावर.

चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत सोडायला बब्रुवानराव बैल घेऊन पुढं चालले. मी त्यांच्यामागं दुसऱ्या गिअरमध्ये, माझ्यामागं सगळा क्लब. बैल झपझप चालले होते. डांबरी आलं तेव्हा त्यांचं आणि माझं चांगलंच अंतर पडलं होतं.

बब्रुवानराव वळून उभे राहिले. "पाव्हणं," ते मोठ्यानं म्हणाले, "म्या म्हनलं नव्हतं, माझी जोडी तुमच्या गाडीच्या म्होरं जाईल?"

"गेली की!" मी खिडकीतून डोकं काढून ओरडलो. "हरलो मी!"

आणि दोघंही हसलो. दीपमालाही हसली. या वेळी मला ते अजिबात लागलं नाही.